किंमत कानांना ऐकू येते काय?

आपल्या समाजात किंमत ही वस्तूच्या गुणाची साक्षीदार म्हणून इतकी सर्रास मान्य झालेली आहे की, तिची उलटतपासणी घेण्याची गरज सहसा कोणास वाटत नाही. आणि जेथे गुण डोळ्यांना दिसत नाही, हातांनी चाचपता येत नाही, केवळ कानांनी ओळखावयाचा असतो, तेथे तर ही एकच साक्षीदार उभी राहून आपल्या बाजूने निकाल लावून घेते. संगीत ऐकण्याचे स्पीकर हे याचे ठळक उदाहरण होय. पाच हजार रुपयांची जोडी आणि पाच लाख रुपयांची जोडी शेजारी शेजारी मांडली असता, दुसरीतून निघणारा स्वर पहिलीच्या शंभरपट नसला तरी निदान पुष्कळच सरस असला पाहिजे, असे गृहीत धरून आपण ऐकावयास बसतो, आणि जे गृहीत धरले तेच आपणांस ऐकू येते. माझे म्हणणे थोडक्यात असे की, एका स्पीकरात आणि दुसऱ्यात फरक असतो, तो कानांना कळतो आणि यंत्रांना मोजताही येतो. मात्र तो किमतीच्या पाठोपाठ चालत नाही. एका मर्यादेपर्यंत पैसा स्वर विकत घेतो, त्या मर्यादेपुढे तो लाकूड, लकाकी आणि लौकिक विकत घेतो. आणि ही मर्यादा नेमकी कोठे आहे हे ग्राहकाला कळू न देण्यात स्वस्त आणि महाग अशा दोन्ही मालांच्या विक्रेत्यांचे हित गुंतलेले आहे.

महागाईच्या बाजूने जे खरे आहे ते आधी रीतसर नोंदवले पाहिजे. चुंबकीय क्षेत्रात टांगलेल्या तारेच्या वेटोळ्यातून विद्युत्प्रवाह सोडला की ते वेटोळे मागेपुढे हलते आणि त्याला जोडलेला शंकू समोरची हवा ढकलतो, एवढ्याच तत्त्वावर आज घरोघरीचे बहुतेक स्पीकर चालतात. आणि अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोन अभियंत्यांनी १९२५ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात या तत्त्वाला जे रूप दिले, त्यात शंभर वर्षांत मुळापासून असा बदल झालेला नाही. तत्त्व एकच असले तरी ते नीट राबवण्यास खर्च येतो. शंकू हलका हवा, तरीही तो वाकता कामा नये. ज्या पेटीत तो बसवावयाचा त्या पेटीच्या भिंती स्वतः कंप पावून आपला स्वर मूळ स्वरात मिसळू लागल्या तर गायकाच्या आवाजाला एक घोगरी छटा येते, म्हणून त्या भिंती जाड आणि आतून आडव्या टेकूंनी जखडलेल्या हव्यात. मंद्राचा भार वाहणारा मोठा शंकू आणि तारस्वर सांभाळणारा छोटा ट्वीटर यांच्यात कामाची वाटणी करणारे क्रॉसओव्हर नावाचे मंडल काटेकोर हवे. स्वस्त पेटीवर बोटाच्या पेराने टकटक केली तर ती पोकळ वाजते आणि चांगली पेटी दगडासारखी मुकी राहते, हा फरक कोणासही करून पाहता येण्याजोगा आहे, आणि तो पैशानेच येतो.

त्यातही खर्ज हा या धंद्यातील सर्वांत खर्चिक माल होय. भौतिकशास्त्राचा हिशेब असा आहे की, तोच आवाज तितक्याच जोराने एक सप्तक खाली वाजवावयाचा असेल तर त्याच शंकूला चौपट अंतर मागेपुढे जावे लागते; म्हणून खर्जासाठी एकतर शंकू मोठा पाहिजे, किंवा त्याची धाव लांब पाहिजे, आणि बहुधा पेटीही मोठी पाहिजे. लहान पेटी, खोल खर्ज आणि थोड्या विजेत मोठा आवाज या तिन्ही गोष्टी एकदम मिळत नाहीत. कोणत्याही दोन घ्याव्यात आणि तिसरीवर पाणी सोडावे, असा हॉफमनचा लोहनियम या क्षेत्रात सांगितला जातो. एडगर व्हिल्चर या अमेरिकन संशोधकाने १९५४ साली पेटी हवाबंद करून तिच्यात कोंडलेल्या हवेलाच स्प्रिंगचे काम दिले, आणि पूर्वी कपाटाएवढ्या पेटीतून मिळणारा खर्ज पुस्तकांच्या फळीवर मावेल अशा पेटीतून काढून दाखवला. पण त्यालाही हा नियम मोडता आला नाही, त्याच्या पेटीला वीज अधिक द्यावी लागे.

आपल्या संगीतापुरते पाहावयाचे तर या नियमाचा परिणाम मोठा मौजेचा आहे. काळी एक या पट्टीत गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तंबोऱ्यातील खर्जाच्या तारेची मूळ कंपनसंख्या सेकंदाला सुमारे ६९ असते, आणि तीन इंची शंकूच्या छोट्या स्पीकरला इतक्या खाली जाता येत नाही. तरीही त्या स्पीकरातून आपणांस खर्ज ऐकू येतोच. याचे कारण असे की, घोडीवरील जवारीमुळे तारेतील वरचे उपस्वर विलक्षण जोरकस होतात, आणि त्या उपस्वरांच्या परस्परसंबंधावरून आपला मेंदू गैरहजर असलेल्या मूळ स्वराची जागा स्वतःच भरून काढतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी नोबेल पारितोषिक मिळण्यापूर्वी कितीतरी वर्षे, १९२० च्या सुमारास, तंबोरा आणि वीणा यांच्या या जवारीचा, तसेच तबला आणि मृदंग यांवरील शाईमुळे चामड्याचे उपस्वर सुसंवादी कसे होतात याचा अभ्यास केला होता, हे येथे स्मरणीय आहे. याउलट डग्ग्याची गोष्ट घ्यावी. मनगटाच्या टेकूने चामड्यावर दाब देत वादक जो घुमारा काढतो, त्यातील खालच्या स्वरांचा भार छोटा शंकू उचलू शकत नाही. मींड नाहीशी होते, आणि उरतो तो केवळ बोटांचा आघात. म्हणजे ज्याला ख्याल, भजन, नाट्यपद आणि बातम्या ऐकावयाच्या आहेत त्याचे साधारण स्पीकरवर पुष्कळ भागते. ज्याला पखवाजाचा धीरगंभीर ठेका त्याच्या पूर्ण वजनासह घरात हवा आहे, त्याला पदरमोड केल्यावाचून गत्यंतर नाही.

येथवर पैशाचा दावा मी बिनशर्त मान्य करतो. पण उसाच्या चरकात पहिल्या फेरीला रस धो धो वाहतो, दुसरीला कमी होतो, आणि पुढे चरक तितक्याच जोराने फिरत असला तरी हाती चिपाडच येते, तशी या खर्चाची गत आहे. अगदी हलक्या मालाकडून नेटक्या मध्यम मालाकडे येताना जो फरक पडतो तो आंधळ्या कसोटीतही उघड होतो. त्याच्यापुढे किंमत दुप्पट, चौपट, दसपट होत गेली तरी स्वर त्या मानाने वाढतोच असे नाही, क्वचित उलटा घसरतो. हे केवळ माझे मत असते तर वाचकांनी ते सोडून द्यावे असेच मी म्हटले असते; परंतु या बाबतीत पुरावा उपलब्ध आहे.

कॅनडातील ओटावा शहरी असलेल्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत फ्लॉइड टूल या शास्त्रज्ञाने अनेक वर्षे एकच प्रश्न लावून धरला: माणसांना स्पीकर दिसूच दिले नाहीत तर ती कोणता पसंत करतील? आवाज आरपार जाईल पण नजर जाणार नाही असा पडदा लावून, सर्वांचा जोर तंतोतंत सारखा ठेवून, एकामागून एक स्पीकर ऐकवले असता निष्पन्न असे झाले की, ज्यांची श्रवणशक्ती शाबूत आहे त्या माणसांची पसंती एकमेकांशी आश्चर्यकारक प्रमाणात जुळते. रुची ही ज्याची त्याची, तिला नियम नाही, हा जो आपला आवडता समज आहे तो या बाबतीत टिकत नाही. ज्या स्पीकरचा स्वर मंद्रापासून तारापर्यंत समतोल आहे, कोठे फुगवटा नाही की खड्डा नाही, आणि जो समोर बसलेल्यास जसा ऐकू येतो साधारण तसाच बाजूला बसलेल्यासही येतो, तोच बहुतेकांना आवडतो; मग त्याच्या पाठीवरची चिठ्ठी काही का म्हणेना.

पुढे टूल हे हार्मन या अमेरिकन उद्योगसमूहात गेले, आणि तेथे त्यांनी शॉन ऑलिव्ह या सहकाऱ्यासह केलेला एक प्रयोग १९९४ साली प्रसिद्ध झाला, तो तर प्रत्येक दुकानाच्या दारावर लावून ठेवावा अशा योग्यतेचा आहे. चार स्पीकर होते आणि ऐकणारी चाळीस माणसे त्याच उद्योगसमूहाची नोकर होती. प्रथम पडद्याआडून, मग पडदा काढून, त्याच माणसांनी त्याच स्पीकरांना गुण दिले. पडदा दूर होताच थोराड, देखण्या आणि आपल्याच घरच्या पेट्यांचे गुण वर चढले, आणि लहानशा, स्वस्त संचाचे गुण खाली आले. याहूनही बोलकी गोष्ट पुढे आहे. पडद्याआड असताना स्पीकर खोलीत एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवला, किंवा संगीत बदलले, की त्यामुळे आवाजात पडणारा खराखुरा फरक या मंडळींना बरोबर कळत होता. डोळे उघडल्यावर मात्र तो कळेनासा झाला. म्हणजे डोळ्यांनी कानांच्या साक्षीत केवळ भर घातली असे झाले नाही. त्यांनी कानांना पुष्कळ अंशी साक्षच देऊ दिली नाही. ज्यांचा व्यवसायच स्पीकर बनवणे आणि विकणे हा, त्यांची ही कथा. मग वर्षाकाठी एखादी वस्तू घेणाऱ्या सामान्य गृहस्थाने आपल्या उघड्या डोळ्यांच्या ऐकण्यावर किती भरवसा ठेवावा, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

ऑलिव्ह यांनी नंतर उलट बाजूने प्रश्न सोडवला. सत्तर स्पीकरांची केवळ यंत्राने घेतलेली मापे हाती धरून, माणसे पडद्याआडून त्यांना कोणता क्रम देतील याचे भाकीत करणारे सूत्र त्यांनी २००४ साली मांडले, आणि ते भाकीत माणसांच्या प्रत्यक्ष निवाड्याशी ०.८६ इतक्या सहसंबंधाने जुळले. त्या सूत्रात समतोलाला आणि गुळगुळीतपणाला स्थान आहे, खर्ज किती खोल जातो याला सुमारे ३० टक्के वजन आहे, पण किमतीला स्थान नाही. तिच्यावाचून भाकीत साधले. स्पीकरचा धाकटा भाऊ जो हेडफोन, त्याच्या बाबतीत येरुन ब्रेबार्ट या संशोधकाने २०१७ साली २८३ नमुन्यांची मापे तपासली, तेव्हा स्वरांचा तोल आणि विक्रीची किंमत यांच्यात काहीच संबंध सापडला नाही. सांप्रदायिक आवेशाने बोलणाऱ्या कोणत्याही बाजूपेक्षा हे आकडे अधिक शांतपणे बोलतात.

यावर एक आक्षेप हमखास येतो, तो असा की, ही सामान्य श्रोत्यांची गोष्ट झाली. ज्याचा कान तयार आहे, ज्याने जन्मभर स्वराची उपासना केली आहे, त्याला उंची वस्तूतील सूक्ष्म गुण कळल्यावाचून राहणार नाही. या आक्षेपाला उत्तर व्हायोलिनच्या जगातून मिळते. स्ट्रॅडिव्हेरी आणि ग्वार्नेरी या इटालियन कारागिरांच्या घराण्यांतील तीनशे वर्षांपूर्वीची व्हायोलिने सोन्याहून मोलाची मानली जातात. क्लॉडिया फ्रिट्झ आणि जोसेफ कर्टिन यांनी २०१० साली अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे एकवीस निष्णात वादकांना काळे चष्मे चढवून, जुन्या लाकडाचा वासही येऊ नये म्हणून हनुवटीच्या टेकूखाली अत्तराचा थेंब लावून, तीन जुनी आणि तीन नवी वाद्ये वाजवावयास दिली. जुन्या तिघांची एकत्रित किंमत नव्या तिघांच्या सुमारे शंभरपट होती. वादकांनी सर्वांत अधिक पसंत केले ते एक नवे वाद्य, सर्वांत कमी पसंत केले ते एक स्ट्रॅडिव्हेरी. आणि आपल्या आवडीचे वाद्य जुने की नवे हे बहुतेकांना सांगता आले नाही. ज्यांनी हयात वाद्यावर घालवली त्यांचे कान येथे कमी पडले असे मी म्हणणार नाही. उलट, दंतकथेचा आधार काढून घेतल्यावर त्यांचे कान प्रामाणिक राहिले, असेच म्हणेन.

आता दुकानात काय घडते ते पाहू. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर म्हणा, पुण्याच्या बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या परिसरात म्हणा, किंवा एखाद्या वातानुकूलित दालनात म्हणा, रीत साधारण एकच असते. विक्रेता आदबीने गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवतो, "काका, आधी हा ऐका, मग तो ऐका, फरक तुम्हीच सांगा," असे म्हणतो, आणि आपल्याच संग्रहातील एक गाणे लावतो. ते गाणे बहुधा असे असते की ज्यात झांजेचा किणकिणाट आणि ढोलाचा दणका भरपूर, पण माणसाचा गळा, ज्याची खोट कोणासही तत्काळ कळते, तो जवळजवळ नसतोच. स्वस्त जोडी आधी, महाग जोडी नंतर, हा क्रम कधी चुकत नाही. आणि महाग जोडीचा आवाज किंचित, अगदी किंचित वर असतो. दोहोंच्या जोरात एखाद्या डेसिबलचा फरक असला तर कानाला तो 'मोठा' असा जाणवत नाही. तो 'स्पष्ट', 'खुला', 'भरदार' असा जाणवतो. ही लबाडी हेतुपुरस्सर असते असेही नाही. काही स्पीकर त्याच बटणावर मुळातच थोडे मोठे वाजतात आणि विक्रेत्यालाही हे ठाऊक नसते. पण परिणाम तोच. गिऱ्हाईक मान डोलावते, आणि आपण स्वराची पारख केली अशा समजुतीने जोराची पारख करून घरी जाते.

महाग मालावर इतके बोलल्यावर स्वस्त मालाला निर्दोष सोडणे न्यायाचे होणार नाही, कारण आकड्यांच्या बाबतीत त्याची निर्भीडता कांकणभर अधिकच आहे. खोक्यावर ठळक अक्षरांत 'पीएमपीओ' या चार अक्षरांपुढे हजार, दोन हजार वॅट असे छापलेले ज्याने पाहिले नाही असा मराठी मध्यमवर्गीय विरळा. या मापाची सर्वमान्य अशी व्याख्याच नाही; ज्याने त्याने आपल्या मनास येईल त्या क्षणिक उसळीचा आकडा घ्यावा, त्याला सोयीच्या आकड्याने गुणावे, आणि छापावे. त्याच पेटीचे पाठीमागचे तोंड फिरवून विजेच्या तारेजवळची बारीक अक्षरांची पट्टी वाचली तर तेथे तीस-चाळीस वॅट वीज खाणारे यंत्र असा कबुलीजबाब आढळतो. आणि भिंतीतून तीस वॅट घेणारे यंत्र हजार वॅट सतत बाहेर टाकू शकत नाही, हे समजण्यास पदवी लागत नाही. शिवाय हजार वॅट घरात कोणास हवे आहेत? बहुतेक घरगुती स्पीकर मिळालेल्या विजेपैकी शेकडा एक भागही ध्वनीत रूपांतरित करत नाहीत, बाकीची उष्णता होऊन जाते, आणि तरीसुद्धा साध्या खोलीत निवांत ऐकण्यास सरासरी एखादा वॅट पुरून उरतो. आवाज दुप्पट भासावयाचा तर वीज दसपट द्यावी लागते. अशा फसव्या आकड्यांना आळा घालण्यासाठी अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ सालीच ध्वनिवर्धकांच्या वॅटचे दावे कोणत्या पद्धतीने मोजावेत याचा नियम जारी केला होता. सारांश, स्वस्तवाला आकड्यांनी फसवतो आणि महागवाला विशेषणांनी. एकाचे खोके हजार वॅटचे असते, दुसऱ्याचे 'संगीताच्या आत्म्यापर्यंत' पोहोचते. दोघेही सांगत नाहीत ते एकच, ते म्हणजे मोजलेले सत्य.

आणि या सर्व वादात जिचे नावही कोणी काढत नाही, ती खोली मात्र निम्मा कारभार आपल्या हाती ठेवून असते. दहा फूट रुंद आणि बारा फूट लांब अशी आपल्याकडील सदनिकेतील नेहमीची खोली घेतली, तर समोरासमोरच्या भिंतींमध्ये हवा स्वतःच्या ठरावीक कंपनसंख्यांवर डोलू लागते, त्यांपैकी सर्वांत खालच्या दोन साधारण ४७ आणि ५६ हर्ट्झ येतात. या स्वरांच्या आसपास खर्ज भिंतीलगत बेसुमार फुगतो आणि खोलीच्या मध्यावर जवळजवळ नाहीसा होतो. पाच लाखांची जोडी आणून ज्याने आपली खुर्ची नेमकी मध्यावर मांडली, त्याने ज्या खर्जासाठी पैसे मोजले तोच खर्ज त्याच्या कानापर्यंत पोहोचत नाही, आणि पाच हजारांची जोडी ज्याने कोपऱ्यात दाबून ठेवली त्याच्याकडे ती उगाच घुमत राहते. फरशी उघडी, भिंती गुळगुळीत आणि खिडकीला काच असली की शब्द एकमेकांवर आदळतात. उपाय फुकटाचे आहेत: पेटी भिंतीपासून हात-दोन हात पुढे ओढावी, ट्वीटर बसल्यावरच्या कानाच्या उंचीला आणावा, खुर्ची थोडी मागेपुढे सरकवून पाहावी, पुस्तकांचे कपाट, जाड पडदा, सतरंजी यांना कामाला लावावे. या फुकटच्या खटपटीने मिळणारा फायदा पुष्कळ वेळा नवी जोडी घेऊन मिळणाऱ्या फायद्याहून अधिक असतो. परंतु त्याची पावती फाडता येत नसल्यामुळे त्याची जाहिरात कोणी करत नाही.

खोलीसारख्याच आणखी दोन मर्यादा आहेत, त्या अटळ म्हणून थोडक्यात सांगतो. पहिली मूळ ध्वनिमुद्रणाची. केसरबाई केरकर यांच्या ज्या भैरवीची निवड १९७७ साली व्हॉयेजर यानांवरील सुवर्णतबकडीसाठी झाली, ती साडेतीन मिनिटांच्या जुन्या तबकडीवरची आहे. त्या तबकडीवर जे खोदलेच गेले नाही ते जगातील कोणत्याही स्पीकरला बाहेर काढता येणार नाही, आणि जे खोदले गेले आहे, ती भेदक आर्तता, ते साध्या संचातूनही अंगावर येते. दुसरी मर्यादा आपल्या वयाची. तरुण कान वीस हजार हर्ट्झपर्यंतचे कंप टिपू शकतो म्हणतात; साठीच्या पुढे अनेकांना दहा-बारा हजारांच्या वरचे जवळजवळ ऐकू येत नाही. तेव्हा ज्या वयात माणसाच्या हाती उंची स्पीकर घेण्याइतका पैसा जमतो, त्या वयात त्यातील अतितार स्वरांचा लाभ त्याची नातवंडेच घेतात, हा नियतीचा खट्याळपणा म्हटला पाहिजे.

शौकीन मंडळींचे म्हणणे मला ठाऊक आहे आणि त्यातील तथ्यही मी नाकारत नाही. ते म्हणतात की, पडद्याआडची कसोटी काही मिनिटांची. आम्ही वर्षानुवर्षे ऐकतो, आणि सहवासाने जे कळते ते प्रयोगशाळेत कळत नाही. सहवासाने वस्तूचे दोष कळतात हे खरे, पण सहवासाने दोषांची सवयही होते, हेही तितकेच खरे. ते असेही म्हणतात की, सागवानाच्या पातळ पापुद्र्याने मढवलेली, हातांनी घासून पुसलेली पेटी दिवाणखान्यात पाहण्यात जो आनंद आहे तो आनंद नव्हे काय? अवश्य आहे. कारागिरीला दाम देणे हा मुळीच दोष नाही, आणि ज्याच्यापाशी पैसा आहे त्याने तो शौकावर खर्च करावा की करू नये यात पडण्याचा मला काय, कोणासच अधिकार नाही. माझी हरकत एवढ्यापुरतीच आहे की, लाकडाचा दाम स्वराच्या नावाने वसूल केला जाऊ नये. पेटी देखणी आहे म्हणून घेतली असे जो म्हणतो तो सरळ व्यवहार करतो. पेटी देखणी आहे म्हणून तिच्यातील स्वरही देखणा आहे असे जो सांगतो, त्याच्याकडे पुरावा मागितला पाहिजे.

आणि पुरावा मागण्याची सोय आज आहे, हाच या लेखाचा मुख्य मुद्दा. स्पीकरभोवती आडव्या आणि उभ्या वर्तुळांत दर दहा अंशांवर, म्हणजे एकूण सत्तर दिशांनी, त्याचा स्वर मोजून काही आलेखरेषांत त्याचा सर्व स्वभाव मांडण्याची पद्धत टूल-ऑलिव्ह यांच्या कामातून तयार झाली, आणि २०१३ साली अमेरिकेतील ग्राहकोपयोगी इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या उद्योगसंघटनेने ती प्रमाणपद्धती म्हणून प्रसिद्ध केली. त्या आलेखाकडे पाहून जाणकाराला खर्ज कोठपर्यंत जातो, कोठे खड्डा आहे, बाजूला बसलेल्यास काय ऐकू येईल, हे सारे सांगता येते. पुष्कळ उत्पादकांजवळ अशी मापे असतात, कारण त्यांवाचून चांगला स्पीकर बनवणे कठीण. पण खोक्यावर ती येत नाहीत. आपल्याकडे शीतकपाटे आणि वातानुकूलन यंत्रे यांच्यावर किती वीज खर्च होते हे सांगणारी ताऱ्यांची पट्टी ऊर्जा दक्षता ब्युरोने २००६ पासून आणली, आणि ज्याला युनिट म्हणजे काय हेही ठाऊक नाही तो गृहस्थही आज दुकानात जाऊन तारे मोजतो. स्पीकरच्या खोक्यावर एक प्रमाणित आलेख, एक खर्जाची सीमा आणि एक सतत टिकणाऱ्या वॅटचा खरा आकडा छापण्याची सक्ती करणे यापेक्षा अवघड नाही. व्यापाऱ्यांची तक्रार येईल की, सामान्य ग्राहकाला आलेख वाचता येत नाही. तसे असेल, पण वर्तमानपत्रात लिहिणाऱ्यांना, शाळेतील विज्ञानाच्या शिक्षकांना, शेजारच्या अभियंता मुलाला तो वाचता येतो; आणि मुख्य म्हणजे, जे छापावे लागते ते सुधारावेही लागते. प्रामाणिकपणे बनवलेल्या स्वस्त मालाला अशा सक्तीत भिण्यासारखे काही नाही, उलट त्याचा त्यात फायदाच आहे. आणि ज्या महाग मालाचा स्वर खरोखर त्याच्या किमतीला साजेसा असेल, त्यालाही आपल्या दाव्याला दस्तऐवजाचा आधार मिळेल.

असा नियम होईल तेव्हा होवो. तोपर्यंत खरेदीला जाणाऱ्याने आपल्या ओळखीचे, माणसाचा गळा स्पष्ट असलेले एखादे गाणे आणि डग्ग्याचा घुमारा असलेली एखादी तबल्याची साथ बरोबर न्यावी, दोन्ही जोड्यांचा आवाज सारख्या जोरावर आणण्यास सांगावे, मोबाइलवरील एखादे आवाज मोजणारे ॲप त्या ढोबळ कामाला पुरते, किंमत विचारण्याआधी आपला कौल कागदावर लिहून ठेवावा, आणि विक्रेत्याला शेवटी एवढेच म्हणावे की, "मधे एक चादर धरा आणि कोणता वाजतो आहे ते मला सांगू नका." जो चादर धरील त्याच्याकडून माल घ्यावा, मग तो स्वस्त असो वा महाग, जो धरणार नाही, त्याच्या महाग जोडीबद्दलचा निकाल त्याने स्वतःच देऊन टाकला असे समजावे.